ऑनलाइन स्पीच थेरपी : पडद्यापलीकडचे नाते आणि संवादाची यंत्रणा

या पाठाची सुरुवात एका फसलेल्या सत्राने करते.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडकला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. गेले म्हणजे दोन प्रकारे गेले. एक, शब्द आठवत नसत. समोर वाटी दिसते आहे, ती वाटी आहे हे कळते आहे, पण ‘वाटी’ हा शब्द जिभेवर येत नाही. याला वाचाघात किंवा अफेझिया म्हणतात. दोन, आलेला शब्दही जड जिभेमुळे अस्पष्ट उमटे. याला डिसार्थ्रिया म्हणतात. आम्ही बडोद्याला राहतो. बाबांचे घरचे बोलणे मराठी, आणि हरवलेले शब्द ज्या भाषेतले असतात त्या भाषेत शोधलेले बरे. म्हणून पुण्याच्या एका स्पीच थेरपिस्ट मॅडमची आठवड्यातून दोन व्हिडिओ सत्रे ठरली.

तिसऱ्या सत्रात मॅडम म्हणाल्या, “काका, मोठा श्वास घ्या आणि जमेल तितका वेळ ‘आऽऽ’ म्हणत राहा.” बाबांनी म्हटले. भिंतीवरच्या घड्याळात मी नऊ सेकंद मोजले. मॅडम म्हणाल्या, “दोन सेकंदच झाले काका, थोडा जोर लावू या, परत.” पुन्हा नऊ, पुन्हा “दोनच”. चौथ्या वेळी बाबांनी डाव्या हाताने लॅपटॉपचे झाकण खाली केले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शिकवते. काय झाले ते मला रात्री उशिरा लक्षात आले, आणि लाज वाटली, कारण तो आमच्याच अभ्यासक्रमातला विषय होता. सत्राच्या ॲपमधली गोंगाट दाबणारी सोय, म्हणजे नॉइज सप्रेशन, चालू होती. ही सोय बोलणे आणि गोंगाट वेगळे करते ते बदलाच्या आधारावर. बोलताना आवाजाची पातळी दर सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते, कारण अक्षरांमागून अक्षरे येतात. पंख्याची घरघर मात्र एकसारखी असते. जे एकसारखे ते गोंगाट, असा साधा हिशेब. नऊ सेकंदांचा सलग ‘आ’ हा त्या हिशेबात पंखाच ठरतो. पहिले सेकंद-दोन सेकंद तो जातो, मग कापला जातो. बाबांचा श्वास पुरत होता. पुण्यापर्यंत तो पोचत नव्हता एवढेच.

पुढच्या वेळी ॲपमध्ये ‘मूळ आवाज’ ठेवणारा पर्याय चालू केला आणि नऊचे नऊ सेकंद पोचले. पण तोवर बाबांचा एक आठवडा गेला होता आणि मॅडमवरचा विश्वास हलला होता. तांत्रिक चूक दोन मिनिटांत सुटली, नाते सावरायला पाच सत्रे लागली. या पाठाचा विषय हाच आहे.

नाते म्हणजे नेमके काय?

‘उपचारात्मक नाते’ हा शब्दप्रयोग ऐकायला मोघम वाटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये त्याची तीन घटकांत फोड केली, आणि ती अभियंत्यालाही पटेल इतकी स्वच्छ आहे. पहिला घटक ध्येय : आपण कशासाठी बसलो आहोत यावर दोघांचे एकमत. दुसरा, काम : त्यासाठी आज काय करायचे यावर एकमत. तिसरा, बंध : समोरच्यावर विश्वास, तो आपल्या बाजूचा आहे ही खात्री. त्याआधी १९५७ मध्ये कार्ल रॉजर्स यांनी उपचारकाकडे काय हवे ते मांडले होते : सहानुभाव, अटींशिवाय स्वीकार आणि खरेपणा. दोघेही मानसोपचाराबद्दल बोलत होते, पण वाचा-उपचारात ही गोष्ट अधिकच लागू पडते, कारण इथे रुग्णाला जे जमत नाही तेच वारंवार, दुसऱ्याच्या देखत करायचे असते. लंगडणाऱ्या माणसाला अनोळखी माणसासमोर रोज अर्धा तास चालून दाखवायला सांगा, मग अंदाज येईल.

आता बाबांच्या सत्राकडे पाहा. ध्येयावर एकमत होते : नातवाशी बोलता यावे. ‘आऽऽ’ का म्हणायचे हे मात्र बाबांना कोणी सांगितले नव्हते, म्हणजे कामावर एकमत अर्धेच. आणि “दोनच सेकंद” ऐकून बंध तुटला. मॅडमची चूक नव्हती. त्यांना जे ऐकू आले तेच त्या म्हणाल्या. ऑनलाइन सत्रात दोन माणसांच्या मध्ये तिसरा कोणीतरी बसलेला असतो आणि तो दोघांनाही न सांगता शब्द बदलतो. तो कोठे कोठे बदलतो हे कळले, तर त्याचा दोष माणसाच्या माथी जात नाही.

विलंब, आणि शांततेचा अर्थ

समोरासमोरच्या गप्पांत एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सगळीकडे आकडा याच्याच आसपास निघाला. २०० मिलिसेकंदांत वाक्य तयार होत नाही. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तर जुळवत असतो. शांतता लांबली की आपण अर्थ काढतो. “येणार ना उद्या?” या प्रश्नानंतर पाऊण सेकंद काहीच आले नाही, तर उत्तर ‘नाही’ असणार हे आपण ओळखतो.

आता त्यात जाळ्याचा विलंब मिळवा. बडोदा ते पुणे केबल ५०० किलोमीटर धरली तरी काचतंतूतून प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद या दराने अडीच मिलिसेकंदच लागतात. अंतर हा प्रश्नच नाही. वेळ जातो तो थांब्यांवर : आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधायचा, वाय-फायच्या रांगेत उभा करायचा, पलीकडे मागेपुढे येणारे तुकडे ओळीत लावण्यासाठी काही काळ साठवून ठेवायचे, मग वाजवायचे. ही बेरीज सहज १५० ते २०० मिलिसेकंदांवर जाते, खराब जोडणीत त्याहून पुढे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे जाऊ नये.

उपचारकाला हा विलंब दोनदा भोगावा लागतो. तिचा प्रश्न जायला २००, रुग्णाचा नैसर्गिक अवधी २००, उत्तर यायला २००; एकूण ६००. म्हणजे चटकन उत्तर देणारा माणूसही तिला घुटमळणारा वाटतो. रुग्णाच्या बाजूला मात्र काहीच जाणवत नाही, कारण तो त्याच्या मते लगेच बोललेला असतो. ही विषमता लक्षात ठेवा. २०१४ मध्ये जर्मनीतील कात्रिन शोएनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जोडणीत विलंब असला की लोक तो जोडणीवर न ढकलता समोरच्या माणसाच्या स्वभावावर ढकलतात : हा लक्ष देत नाही, हा तुटक आहे. स्पीच थेरपीत तर समोरच्याचे ‘अडखळणे’ हेच मोजायचे असते, तेव्हा घोटाळा किती होईल!

यावर उपाय तांत्रिक थोडा आणि शिस्तीचा जास्त. वाय-फायऐवजी केबल लावली, त्या वेळेपुरते घरातले इतर व्हिडिओ बंद ठेवले, तर बराच फरक पडतो. पण खरा उपाय थांबण्याचा. वाचाघाताच्या रुग्णाला शब्द शोधायला पाच-दहा सेकंद लागू शकतात आणि ती शांतता भरून काढण्याचा मोह सर्वांनाच होतो. माझ्या आईला सर्वांत जास्त. मॅडमनी विचारायचे, “काका, सकाळी काय खाल्लं?” आणि आईने शेजारून सांगायचे, “उपमा.” समोरासमोर असत्या तर मॅडमनी नुसता हात वर करून थांबवले असते. पडद्यावरून ते जमेना. शेवटी त्यांनी आईला काम दिले : “काकू, माझा प्रश्न झाला की तुम्ही मनात दहापर्यंत मोजायचं. दहा झाले की मला बोट दाखवायचं.” आई मोजण्यात गुंतली आणि बाबांना बोलायला जागा मिळाली. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय मी क्वचितच पाहिला आहे.

‘हं’ म्हणण्याची किंमत

आपण ऐकताना “हं… हं… अच्छा” करत असतो. हे हुंकार म्हणजे ‘बोला, मी ऐकतोय’ अशी पावती. समोरासमोर ती फुकट असते, पडद्यावर तिची किंमत मोजावी लागते. स्पीकरवर बोलत असाल, तर पलीकडचा आवाज तुमच्या मायक्रोफोनमध्ये शिरून परत जाऊ नये म्हणून प्रतिध्वनी रद्द करणारी यंत्रणा काम करते. दोघे एकदम बोलले की ती गोंधळते आणि एकाचा आवाज दाबते. परिणामी उपचारकाच्या प्रेमळ ‘हं’मुळे रुग्णाचा महत्प्रयासाने आलेला शब्द कापला जातो. म्हणून ऑनलाइन सत्रात हुंकार मानेने द्यावा, ठळकपणे, आणि दोन्ही बाजूंनी तारेचे हेडफोन वापरावेत. हेडफोन असले की प्रतिध्वनीच नाही, मग दाबादाबीही नाही.

तारेचे का? ब्लूटूथ इअरफोनचा मायक्रोफोन सुरू झाला की बहुतेक संच संगीताचा दर्जा सोडून फोनच्या दर्जावर उतरतात, नमुन्यांचा दर ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. ८ किलोहर्ट्झ दराने ४ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, हा नायक्विस्टचा नियम तुम्हाला दुसऱ्या वर्षी येतो. जुन्या टेलिफोनचा पट्टा तर ३०० ते ३४०० हर्ट्झच होता. आणि ‘स’ची बहुतेक ऊर्जा ४ किलोहर्ट्झच्या वर असते, ‘श’ची त्याखालून सुरू होते. म्हणजे अरुंद पट्ट्यात ‘स’ची ओळखच पुसली जाते.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च लिहायला एक, उच्चाराला दोन. चाऱ्यातल्या दंत्य च मध्ये ‘स’ची छटा आहे, चारमधल्या तालव्य च मध्ये ‘श’ची. म्हणजे तोच भेद, तोच धोका. एखादे मूल ‘चारा’ शब्द तालव्य च ने म्हणते आहे की बरोबर म्हणते आहे हे निकृष्ट जोडणीवर ठरवणे म्हणजे नाणेफेक. बरोबर म्हणणाऱ्या मुलाला “परत म्हण” सांगितले, तर चूक सुधारत नाही, उत्साह मात्र जातो. अशा वेळी रुग्णाच्या फोनवरच आवाज मुद्रित करून ती फाइल सत्रानंतर पाठवणे हा उत्तम मार्ग. ती थेट जात नाही, म्हणून तुटत नाही.

तोतरेपणाच्या बाबतीत गोष्ट अधिक नाजूक आहे. आवाजाचा एखादा तुकडा वाटेत हरवला, तर पलीकडची यंत्रणा शांतता ऐकवत नाही; आधीच्या तुकड्याची लाट पुढे ओढून भोक बुजवते. तुकडे उशिरा आले, तर आवाज किंचित ताणतेही. रोजच्या बोलण्यात हे कळत नाही. पण अक्षर लांबणे हे ज्या स्थितीचे लक्षणच आहे, तिथे यंत्राने लांबवलेले आणि माणसाने लांबवलेले यांत फरक करणे कठीण. पार्किन्सनच्या रुग्णांसाठीच्या एलएसव्हीटी लाऊड या पद्धतीत वेगळीच अडचण. तिथे चार आठवड्यांत सोळा सत्रे घेऊन मोठ्याने बोलण्याचा सराव करून घेतात, आणि ॲपमधले स्वयंचलित आवाज-नियंत्रण हळू आवाज मोठा व मोठा आवाज लहान करून सगळी मेहनत सपाट करते. डेसिबल मोजायचे तर रुग्णाच्या टेबलावर.

या सगळ्यांतून एक भाषिक शिस्त निघते, आणि माझ्या मते या पाठातला सर्वांत उपयोगी भाग तो आहे. “परत सांगा” हे दोन शब्द बोलण्याची अडचण असलेल्या माणसाने आयुष्यभर ऐकलेले असतात. त्याला त्यांचा अर्थ एकच लागतो : तुम्ही नीट बोलला नाहीत. ऑनलाइन उपचारकाने त्याऐवजी दोन गोष्टी सांगाव्यात : कुठपर्यंत पोचले आणि कोणी अडवले. “काका, ‘बाजारात’ इथपर्यंत छान ऐकू आलं, पुढचं लाइननं खाल्लं.” यात अर्धे वाक्य पोचल्याची पावती आहे आणि दोष यंत्रावर आहे. जेव्हा खरोखरच उच्चार कळला नाही, तेव्हा मात्र लाइनला बोल लावू नये. तो खोटेपणा रुग्ण ओळखतो. “लाइन ठीक आहे, मलाच शब्द लागला नाही, हाताने दाखवता का?” असे विचारावे. टोरांटोच्या ऑरा कागन यांनी वाचाघातासाठी आधारित संभाषणाची जी पद्धत मांडली, तिचा गाभा असाच आहे : तुम्हाला सगळे कळते आहे हे मला माहीत आहे, अशी कबुली आधी द्या, मग ते बाहेर काढायला चित्र, खूण, लिहिलेला शब्द, जे लागेल ते वापरा.

नजर आणि ओठ

कॅमेरा पडद्याच्या वर, समोरच्याचे डोळे पडद्याच्या मध्यावर. दोन्हींत १० सेंटिमीटर अंतर आणि तुम्ही ५० सेंटिमीटरवर, तर नजर सुमारे ११ अंश खाली दिसते, म्हणजे समोरचा कुठेतरी खाली पाहतोय असे वाटते. व्हिडिओची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणली, अंतर ५ सेंटिमीटर केले आणि ७० सेंटिमीटरवर सरकून बसलात, तर कोन ४ अंशांवर येतो. तेवढा आपण सहज माफ करतो.

खरे तर वाचा-उपचारात डोळ्यांइतकेच ओठ महत्त्वाचे. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवले की कानावर ‘बा’ आणि ओठांवर ‘गा’ असले, तर ऐकणाऱ्याला ‘दा’ ऐकू येते. उच्चार आपण डोळ्यांनीही ऐकतो. म्हणून चेहऱ्यावर समोरून उजेड हवा. खिडकी पाठीमागे असली की ओठ काळे. बाबांची खुर्ची आम्ही दिवाणखान्यातून स्वयंपाकघराच्या दाराशी हलवली ती याचसाठी, आणि फोडणीचा वास तिथे फुकट मिळतो हा त्यांचा जास्तीचा फायदा.

जे पडद्यावरून होत नाही

जबड्याला हात लावून जिभेची दिशा दाखवणे होत नाही. एका सुरात एकत्र बोलणे किंवा गाणेही होत नाही : विलंबामुळे ‘एकत्र’ ही गोष्टच उरत नाही, एक नेहमी मागे पडतो, आणि मागे पडणारा स्वतःलाच दोष देतो. त्याऐवजी मॅडम घरच्या माणसाला बाबांबरोबर म्हणायला लावतात आणि स्वतः ऐकतात. गिळण्याचा त्रास असेल, तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तिथे रुग्णाजवळ जाणकार माणूस हवाच.

उलट काही गोष्टी पडद्यावरच बऱ्या होतात. ऑस्ट्रेलियात तयार झालेला लिडकोम्ब कार्यक्रम पाहा. तोतरे बोलणाऱ्या लहान मुलांसाठी तो आहे आणि त्यात उपचार आईवडीलच देतात, रोज, घरी. तज्ज्ञ त्यांना शिकवतो. दवाखान्यात आणि वेबकॅमवरून दिलेल्या या कार्यक्रमाची तुलना करणारी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. मला यात आश्चर्य वाटले नाही. मुलाचे खरे बोलणे घरातच असते, त्याच्या खेळण्यांत, भावंडाच्या भांडणात. दवाखान्यातले टेबल तिथे पोचत नाही, फोन पोचतो.

थोडे नियमांविषयी. भारतात स्पीच थेरपिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ऑनलाइन उपचार घेताना नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था ही या क्षेत्रातली जुनी केंद्रे. सत्र मुद्रित करायचे तर आधी संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. कायदा कंपन्यांना वचकात ठेवील, नातेवाइकांना नाही. बाबा पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले तो व्हिडिओ कौतुकाने आमच्याच एका नातलगाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. चाळीस जणांनी फुले पाठवली. बाबा चार दिवस कॅमेऱ्यासमोर बसले नाहीत.

एक प्रयोग

दोघे समोरासमोर बसा आणि आळीपाळीने, जमेल तितक्या लवकर, एक ते वीस मोजा. वेळ टिपा. मग तेच व्हिडिओ कॉलवर करा; ‘एक’ म्हणणाऱ्यानेच घड्याळ धरायचे. वीस आकड्यांत आवाजाच्या दहा फेऱ्या होतात. समजा समोरासमोर १२ सेकंद आणि कॉलवर १६ लागले, तर ४ सेकंद भागिले १०, म्हणजे एका फेरीला ४०० मिलिसेकंद, एका दिशेला २००. हीच मोजणी वाय-फाय, मोबाइल डेटा, केबल अशा तीन जोडण्यांवर करून तक्ता भरा. नंतर पंखा चालू ठेवून लांब ‘आऽऽ’ म्हणा आणि नॉइज सप्रेशन चालू व बंद असताना पलीकडे किती सेकंद पोचतात तेही लिहा.

मोजणीच का, याला कारण आहे. आकडे, वार, महिने, पाठ असलेले श्लोक ही आपोआप येणारी भाषा वाचाघातातही पुष्कळदा शाबूत राहते, म्हणून उपचाराची सुरुवात बऱ्याचदा तिथून करतात. पुण्याला गेले होते तेव्हा मॅडमबरोबर समोरासमोरची वेळ टिपून आणली होती. आता दर सत्राआधी आम्ही दोघी वीसपर्यंत मोजून त्या दिवसाचा विलंब काढतो. बाबा शेजारी बसून ऐकतात. मागच्या महिन्यात एकदा मॅडमनी ‘दहा’ म्हटले आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा ‘अकरा’ म्हणाले, मग ‘तेरा’, मग ‘पंधरा’. त्या दिवशीचे मोजमाप वाया गेले.